आपले पुस्तक आपणच छापावे काय?

बदनापूर तालुक्यातील एका खेड्यातून दोन भाऊ माझ्याकडे आले होते. या कुटुंबाने धम्मदीक्षा घेऊन नऊ वर्षे झाली. त्यांचे वडील एका उन्हाळ्यात वारले. वडील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रावर रोजंदारीने जात असत. तुरीच्या ओळींना खुणेच्या पाट्या लावायच्या, फुलोरा कोणत्या तारखेला आला ते पाहायचे, झाडाला शेंगा किती धरल्या त्या मोजून साहेबांना सांगायच्या, हे त्यांचे काम. शाळा चौथीपर्यंतची. पण तारीख घालून लिहून ठेवायची सवय त्यांना तिथे लागली, ती घरी आली, आणि मरेपर्यंत त्यांनी दोनशे पानी दोन वह्या भरल्या. त्यांत पाऊस आहे, मजुरीचे दर आहेत, लेकीचे लग्न आहे, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले तो दिवस आहे, आणि दीक्षेच्या दिवशी घरी कोण आले व कोण आले नाही याची यादीही आहे.

मुलांनी तेरावे घातले नाही. बौद्ध झालेल्या घराने ते घालायचेही नसते. त्या जेवणावळीला जे पैसे गेले असते ते त्यांनी बाजूला ठेवले होते. पहिल्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाच्या वेळी, वडिलांच्या वह्यांचे छोटेसे पुस्तक करून लोकांना द्यावे असे त्यांच्या मनात होते. त्यासाठी ते शहरातल्या एका प्रकाशकाकडे जाऊन आले. तिथे उत्तर मिळाले की, लेखकाला नाव नाही, विषयाला गिऱ्हाईक नाही. तरी छापू, मात्र तीनशे प्रती आधी तुम्हीच विकत घ्या.

थोरला मला म्हणाला, "गुरुजी, पैसे आमचेच जायचे असतील तर त्याचं नाव कशाला? आम्हीच छापू. पण लोक म्हणतील, यांच्याकडं पैसे होते म्हणून पुस्तक निघालं. मग त्या पुस्तकाची किंमत काय राहिली?"

धम्मबांधवांनो, हा प्रश्न त्या दोघा भावांपुरता नाही. आपल्या वस्त्यांतून आज लिहिणारे पुष्कळ झाले आहेत. कोणाची कवितेची वही आहे, कोणी गावच्या धर्मांतराची हकीकत लिहिली आहे, कोणी नामांतराच्या दिवसांतील आठवणी. मोठा प्रकाशक त्यांना विचारीत नाही. म्हणून हा प्रश्न जरा मुळापासून पाहू.

त्या तीनशे प्रतींचे आधी बोलून घेतो. जो स्वतःचे भांडवल घालतो, हस्तलिखित वाचतो, सुधारून घेतो, पुस्तक पडून राहिले तर तोटा सोसतो, त्याला प्रकाशक म्हणावे. असे प्रकाशक मराठीत होते आणि आहेत. पुण्याच्या सुगावा प्रकाशनाने, विलास वाघांनी, आपल्या चळवळीची किती पुस्तके काढली ती आपल्यातील वाचणाऱ्यांच्या घरात आजही आहेत. पण जो सगळा खर्च लेखकाकडून घेतो, हस्तलिखित न वाचताच छापखान्यात धाडतो आणि पहिल्या पानावर आपले नाव घालतो, तो फक्त शिक्का विकतो. त्याच्यापेक्षा स्वतः छापखान्यात गेलेले बरे, एवढे मी त्या भावांना सरळ सांगितले.

मग स्वतः छापलेले पुस्तक कमी प्रतीचे असते काय? आपल्या इतिहासाला विचारा.

जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. ही हकीकत त्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त स्वतःच नोंदवून ठेवली आहे. ते नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. एकशे चोवीस वर्षे! एका कमिटीने मान हलविली नाही म्हणून चार पिढ्यांना ते वाचायला मिळाले नाही. आणि दार लावणारे नेहमी परकेच असतात असेही नाही. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त आली आणि पुढची छापायला संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी नकार दिला. लोखंडे सत्यशोधक, कामगारांचे कैवारी, जोतीरावांचे सहकारी. सरकारची धास्ती त्यांनाही वाटली. म्हणून आपल्याच माणसाने नाही म्हटले की ते लिखाण वाईटच, असे समजण्याचे कारण नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला, त्याची जाहिरात 'केसरी'कडे पैसे देऊन छापायला पाठविली होती. 'केसरी'ने ती घेतली नाही. लक्षात घ्या, लेख नव्हे, अग्रलेख नव्हे. पैसे मोजून दिलेली जाहिरात! राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते म्हणून पत्र उभे राहिले. पुढे 'बहिष्कृत भारत' निघाले, 'जनता' निघाले, स्वतःचा छापखाना झाला. दुसऱ्याच्या छापखान्यावर विसंबून राहिले तर आपल्या समाजाचा आवाज कधी बाहेर पडणार नाही हे त्यांनी फार लवकर ओळखले होते.

१९३६ ची गोष्ट तर प्रत्येक बौद्ध घरात मुलांना सांगितली पाहिजे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलाविले. मंडळ सुधारकांचे होते. भाषण लिहून तयार झाले तेव्हा मंडळींना घाम फुटला. शास्त्रांवरील टीका गाळा, हिंदू म्हणून हे माझे शेवटचे भाषण असे म्हटले आहे ते काढा, अशा सूचना आल्या. बाबासाहेबांनी कळविले की, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. अधिवेशन रद्द झाले. बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपाने काढले, १,५०० प्रती. दोन महिन्यांत त्या संपल्या. वर्षभरात गुजराती आणि तमिळ भाषांतरे निघाली. 'जातिनिर्मूलन' या नावाने आपण जो ग्रंथ डोक्यावर घेतो तो असा लेखकाने आपल्या पैशाने छापलेला ग्रंथ आहे. त्याची किंमत कमी झाली काय?

आणि शेवटच्या दिवसांतील एक प्रसंग आहे, तो आठवला की मला अजून गलबलते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापायला वीस हजारांच्या आसपास खर्च येणार होता. तो बाबासाहेबांच्या आवाक्याबाहेरचा होता. टाटा ट्रस्टकडून तीन हजारांची मदत मिळाली. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले की, बुद्ध जयंतीच्या निमित्ताने ग्रंथालयांसाठी व पाहुण्यांसाठी सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. विषय समितीचे अध्यक्ष राधाकृष्णन यांच्याकडे पाठविला होता. तिथून नकार आला. ज्या माणसाने या देशाची घटना लिहिण्याचे ओझे उचलले, त्याला पाचशे प्रतींसाठी पत्र लिहावे लागले. त्या पत्राला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली. ग्रंथ मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत निघाला नाही. ६ डिसेंबरला ते गेले आणि १९५७ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तो प्रसिद्ध केला.

तेव्हा 'लोक काय म्हणतील' याचे उत्तर थोरल्याला मिळाले. पण बाबासाहेबांनी केले म्हणून आपणही करावे एवढ्यावर थांबणे हे बौद्धाचे विचार करणे नव्हे. धम्माच्या कसोटीवर हे कसे ठरते तेही पाहिले पाहिजे.

विनयपिटकात दोन भावांची गोष्ट आहे. दोघे ब्राह्मण कुळात जन्मलेले भिक्खू, वाणीने गोड. त्यांनी तथागतांना विनंती केली की, नाना जातीकुळांचे लोक संघात येऊन बुद्धवचन आपापल्या बोलीत बिघडवीत आहेत, तर आम्ही ते छंदस् भाषेत बांधून ठेवतो. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि ज्याने त्याने आपापल्या बोलीत बुद्धवचन शिकावे अशी अनुज्ञा दिली. महापरिनिब्बान सुत्तात ते आनंदाला सांगतात की, आचार्य काही गोष्टी मुठीत झाकून ठेवतात तशी मूठ तथागताने ठेवलेली नाही. ज्या धम्मात शब्दाला कुलूप नाही, त्या धम्माच्या माणसाला आपले अनुभव सांगायला कोणाची सही लागत नाही. रोजंदारीवर जाणारा चौथी शिकलेला बौद्ध आपल्या मराठवाडी बोलीत लिहितो, तो त्या अनुज्ञेखालीच लिहितो.

छापण्याच्या कलेचे तर बुद्धधम्माशी जुने नाते आहे. तारीख घातलेले, छापलेले, पूर्ण असे जगातले सर्वांत जुने पुस्तक म्हणून जे दाखवितात, ते वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्राचे चिनी भाषांतर आहे. साल ८६८. चीनमधील तुनहुआंगच्या लेण्यात ते सापडले, आता लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या शेवटी नोंद आहे की, वांग चिये नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांप्रीत्यर्थ हे करवून घेतले, सर्वांना फुकट वाटण्यासाठी. हे मी त्या भावांना सांगितले तेव्हा धाकटा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपण काय नवीन करत नाही."

इथपर्यंत सगळे सोपे होते. मी वह्या ठेवून घेतल्या आणि वाचायला लागलो. दुसऱ्या वहीत एक पान निघाले.

त्या पानावर वडिलांनी आपल्या सख्ख्या भावाविषयी लिहिले होते. दीक्षेच्या दिवशी तो आला नाही, दारावरून गेला आणि थुंकला; देव बुडविले म्हणून घराण्याचा नाश होईल असे वस्तीत सांगत फिरला; आणि त्याच साली त्याने वाटणीच्या दीड एकरात बांध दोन हात सरकवला. खाली तारीख. हा चुलता हयात आहे. त्याने दीक्षा घेतलेली नाही. त्याची नातवंडे या भावांच्या मुलांबरोबर एकाच शाळेत जातात.

मी विचारले, हे पान छापायचे काय? थोरला तयारच होता. "बाबासाहेबांनी स्वल्पविराम बदलला नाही, गुरुजी. मग आमच्या बापाचं पान काढणारे आम्ही कोण?"

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. दोन दिवस मी त्यावर विचार केला. प्रकाशकाच्या मागे एखादा वकील असतो, एखादा जुना संपादक असतो. तो अशा पानावर बोट ठेवतो. इथे कोणी नव्हते. दार आपले, किल्ली आपली. तुरीचे बी दुकानातून न घेता घरचे पेरले तर पैसे वाचतात, पण मग निवडायचे, किडके बाजूला काढायचे, उगवण बघायची, हे सगळे आपल्याच अंगावर येते. बदनापूरच्या केंद्रातून बीडीएन ७११ सारखे वाण बाहेर पडले ते वर्षानुवर्षे अनेक ठिकाणच्या रानांत तपासल्यावर. घरच्या बियाण्यालाही शेतकरी गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि किती मोडले ते मोजतो. वह्या लिहिणाऱ्याने हे काम जन्मभर केले होते. त्याच्या वहीला ते लागू करायला हरकत नव्हती.

बाबासाहेबांच्या स्वल्पविरामाचे म्हणाल तर, लाहोरच्या मंडळाने जे गाळायला सांगितले ते त्यांचे मत होते. कोणा माणसावर केलेला आरोप नव्हता. मंडळाला ते खोटे वाटत नव्हते, अडचणीचे वाटत होते. लेखक स्वतः उत्तर द्यायला उभा होता. आणि याच ग्रंथाची पुढची गोष्ट आपण सहसा सांगत नाही. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्या भाषणावर टीका लिहिली. १९३७ साली दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेख आपल्याच ग्रंथात परिशिष्ट म्हणून छापले, आणि पुढच्या परिशिष्टात आपले उत्तर दिले. स्वतःचा खर्च, स्वतःचे पुस्तक, कोणाची सक्ती नाही. तरी विरोधकाचे म्हणणे वाचकाच्या हातात दिले. स्वल्पविराम न बदलणारा माणूस आणि परिशिष्ट जोडणारा माणूस एकच आहे. आपण पहिल्याची आठवण काढतो, कारण ती सोयीची असते.

तसेच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे. १९५१ साली त्या ग्रंथाच्या आधीच्या रूपाच्या पन्नास प्रती खाजगी अभिप्रायासाठी छापून घेतल्या होत्या. एवढा विद्वान माणूस, पण आधी दाखविले, मग सुधारले.

या वहीतला लेखक तर वारला होता. चुलत्याने उलट विचारले तर उत्तर कोण देणार? सम्यक् वाचा म्हणजे फक्त खोटे न बोलणे असे आपण पंचशील म्हणताना समजतो. पण चुगली, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड यांपासूनही दूर राहायला तिथे सांगितले आहे. खरे असले तरी ते योग्य वेळी, हिताच्या हेतूने बोलावे असे तथागतांचे सांगणे आहे. तोंडी बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, छापलेला नातवंडांच्या दप्तरात जातो.

मात्र दुसरी बाजूही मला दिसत होती. पान काढून टाकले तर वस्तीतल्या शांततेसाठी एका माणसाचे दुःख पुसले जाणार. आपल्या समाजाला हेच तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले: कशाला उगाच वाढवता, गप्प बसा. त्या माणसाच्या दारावर थुंकले गेले होते. ते त्याने कोणाला सांगितले नाही, वहीला सांगितले. मी त्याचा संपादक होऊन तेही काढून घेऊ?

धम्मात यावर एक रीत आहे. वर्षावास संपल्यावर भिक्खू एकमेकांसमोर बसून म्हणतात की, माझ्याकडून काही चुकले असेल, तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, तशी शंका आली असेल, तर करुणा करून सांगा, मी सुधारीन. याला पवारणा म्हणतात. संघात कोणी कोणाचा मालक नसतो, म्हणून तपासणी एकमेकांनी करायची असते. आनंदाने म्हटले होते की कल्याणमित्र म्हणजे निम्मे ब्रह्मचर्य. तथागत म्हणाले, निम्मे नाही, सगळेच. ज्याला प्रकाशक नाही त्याने कल्याणमित्र शोधावा. मराठवाड्यातल्या लिहिणाऱ्यांना डॉ. गंगाधर पानतावणे असे लाभले होते. औरंगाबादेहून 'अस्मितादर्श' त्यांनी १९६७-६८ पासून चालविले ते २०१८ साली जाईपर्यंत, आणि त्या पानांवर कितीतरी नवख्यांना पहिल्यांदा आपले नाव छापलेले दिसले. संपादक आणि दारवान यांत फरक असतो. संपादक टाळायचा नसतो.

त्या गावच्या विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते, जसे ते महाराष्ट्रभर चालते. मी सुचविले की, आश्विन पौर्णिमेला ते संपले की चार रविवार वह्या वाचाव्यात, आणि कोणाला काही सांगायचे असेल ते सांगू द्यावे. धाकटा म्हणाला, "घरची उणीदुणी गावासमोर?" त्याचे खरे होते. म्हणून ते एक पान त्यातून वगळले आणि आधी चुलत्याला त्याच्याच ओट्यावर जाऊन वाचून दाखवायचे ठरले.

विहारातल्या वाचनाने जे झाले ते मी कल्पिले नव्हते. १९७२ च्या दुष्काळाची पाने वाचली गेली. खडी फोडण्याचे काम, सुकडी, पाण्यासाठीची पायपीट. मुकादमाचे नाव होते, सोबतच्या सात-आठ गड्यांची नावे होती. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "खडी आम्ही बायांनी बी फोडली. कुठं लिहिलंय आमचं?" कुठे नव्हते. वडिलांनी लबाडी केली नव्हती. त्यांच्या डोळ्यांना ते दिसले नव्हते, एवढेच. तिने त्याच बैठकीत अकरा बायकांची नावे सांगितली, त्यांतल्या नऊ आता नाहीत. ती नावे पुस्तकात पानाखाली गेली, कोणी सांगितली तेही लिहिले. शहरातल्या कुठल्या प्रकाशकाला हे काढता आले असते?

चुलत्याकडे आम्ही तिघे गेलो. थोरल्याने पान वाचले. त्याचा आवाज अर्ध्यावर बसला, शेवटचे मी वाचले. म्हातारा खाली बघत बसला होता. थुंकण्याबद्दल तो काहीच बोलला नाही. बांधाबद्दल बोलला. "सरकला. खरंय. पर त्या साली वढ्याला पूर आलता, बांध वाहून गेलता. मी घातला तवा तुझा बाप मोजायला आला नाही. हे बी लिव्हा." पान काढा असे त्याने म्हटले नाही. तसे म्हटले असते तर आम्ही काय केले असते, याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते, आजही नाही.

ते पान छापले गेले. थुंकल्याचेही राहिले. बांधाच्या ओळीखाली चुलत्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत घातले. थोरल्याला हे फारसे रुचलेले नाही. त्याच्या मते बापाच्या पुस्तकात बापाच्या विरुद्ध साक्ष गेली. मी त्याला गांधीजींच्या लेखांचे पुन्हा सांगितले नाही. ते बाबासाहेबांचे मोठेपण होते, त्याचा हिशेब एका दुखावलेल्या मुलाकडून मागणे बरे नव्हे.

किमतीचा प्रश्न शेवटी आला. धम्मपदात धम्मदानाला सर्व दानांच्या वर बसविले आहे, तेव्हा फुकटच द्यावे असे धाकट्याचे म्हणणे. मला ते सरसकट पटत नाही. फुकट मिळालेल्या पुस्तिका जयंतीच्या मांडवात दुसऱ्या दिवशी पायदळी पडलेल्या मी पाहिल्या आहेत. 'गुलामगिरी'ची किंमत जोतीरावांनी बारा आणे ठेवली होती आणि गरीब शूद्रातिशूद्रांना सहा आणे. ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. मद्रासेकडे पंडित इयोथी थास या बौद्ध विचारवंताने १९०७ साली पत्र काढले त्याच्या नावातच 'एक पैसा' घातले होते. 'जातिनिर्मूलन'ची किंमत आठ आणे होती, तर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिले की दोन आणे, निदान चार आणे तरी करावी. सूचना चांगली होती, पण सूचना करणाऱ्याला छपाईचे बिल द्यायचे नव्हते. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आपले लिहिणारे स्वतःची पुस्तके चादरीवर मांडून बसतात. त्यांच्याशी घासाघीस करताना हे आठवावे.

जाता जाता आणखी एक. बाबासाहेबांच्या हयातीत निघालेल्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्काची साठ वर्षे संपली, आणि १ जानेवारी २०१७ पासून ते ग्रंथ कोणीही छापू शकतो. शासनाचे खंड १९७९ पासून निघत आले, पण छपाई इतकी रखडली की २०२१ साली वृत्तपत्रातील बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. तेव्हा आपण छापू म्हणणारे पुढे आले ते चांगलेच झाले. पण ज्याच्या हाती मजकूर जुळवायचे यंत्र, त्याच्या हाती बाबासाहेबांचे शब्द आहेत. बाबासाहेबांनी कधी न उच्चारलेली वाक्ये त्यांच्या नावावर पुस्तिकांतून फिरतात. टाळ्या मिळणारे वाक्य असले म्हणजे ते खरे असावे असे आपल्याला वाटते. कालामांना तथागतांनी नेमके याच बाबतीत सावध केले होते. मूळ ग्रंथाचे पान सापडल्याशिवाय त्यांच्या नावाने एक ओळही छापू नये, मग आपली पुस्तिका चार पानांची का असेना.

सरकारी कागदपत्रांचे फार नाही. पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापल्यापासून तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना आपल्या खर्चाने पाठवायची असते. हे आपले लोक करीत नाहीत. त्या भावांनी केले. बदनापूरच्या पोस्टातून चार पाकिटे गेली.

पुस्तक सहा फर्म्यांचे झाले, म्हणजे शहाण्णव पाने. अडीचशे प्रती काढल्या. किंमत वीस रुपये, ज्याला जमत नाही त्याला दहा. स्मृतिदिनी वंदना झाली, भन्तेजींचे प्रवचन झाले, मग पुस्तके दिली. चुलता आला नव्हता. त्याची नात आली आणि एक प्रत घेऊन गेली. मुद्रितशोधन मी केले होते, तरी दोन चुका निसटल्या. त्यांतली एक प्रस्तावनेत आहे: 'पवारणा'च्या जागी 'परवाना' छापले गेले. धाकट्याने रात्री बसून अडीचशे प्रतींवर पेनाने ती दुरुस्त केली.